झार्दँ दे प्लांत प्राणिसंग्रहालय
पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या तीरावरील झार्दँ दे प्लांत या उद्यानातील ऐतिहासिक प्राणिसंग्रहालय. स्थापना १७९४. व्हर्साय येथील फ्रेंच राजांच्या खाजगी प्राणिसंग्रहाचा वारसा त्याच्याकडे आला. मूळ उद्यान तेराव्या लूईच्या कारकीर्दीत १६३५ मध्ये औषधी वनस्पतींसाठी स्थापन झाले.

चौदाव्या लूईने (कार. १६४३–१७१५) व्हर्साय येथे वास्तुशिल्पज्ञ ल्वी ल व्हो याच्याकडून प्राणिगृह बांधून घेतले. मध्यभागी अष्टकोनी मंडप व त्याभोवती पंख्याप्रमाणे पसरलेली आवारे अशी त्याची रचना असल्याने राजास एकाच जागेवरून सर्व प्राणी दिसत. हा संग्रह मुख्यतः राजवैभवाचे प्रदर्शन होता. तथापि मृत प्राण्यांच्या विच्छेदनातून शरीररचनाशास्त्रास बहुमोल साहित्य मिळाले. पोर्तुगालकडून १६६८ मध्ये भेट मिळालेला हत्ती १६८१ पर्यंत जगला. बंगालमधील चंद्रनगरहून पाठविलेला गेंडा १७७० मध्ये तेथे पोहोचला.

राज्यक्रांतीच्या काळात (१७८९) राजा व्हर्साय सोडून गेल्यावर या प्राण्यांच्या पोषणाचा प्रश्न निर्माण झाला. लोकांनाच पावाची टंचाई असताना राजाचे पशू का पोसावेत, हा आक्षेप सहज टाळता येण्याजोगा नव्हता. १७९२ पर्यंत मोजकेच प्राणी उरले आणि ते मारून त्यांचे सांगाडे संग्रहालयात ठेवावेत, असा प्रस्ताव पुढे आला. उद्यानाचा तत्कालीन प्रमुख, लेखक बेर्नार्दँ द सँ-प्येर याने त्यास विरोध केला. प्राण्यांच्या स्वभावाचा व सवयींचा अभ्यास जिवंत प्राण्यांवाचून होऊ शकत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. १० जून १७९३ रोजी उद्यानाचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात रूपांतर झाले. त्याच वर्षी खेळ करणाऱ्यांकडून रस्त्यांवर जप्त केलेले प्राणीही तेथे आणले गेले व झोफ्र्वा सँतिलेर या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने त्यांचा स्वीकार केला. गेंडा १७९३ मध्येच मरण पावला होता. व्हर्सायचे उर्वरित प्राणी १७९४ मध्ये येथे आले.

ईजिप्तच्या मुहंमद अलीने पाठविलेला जिराफ १८२७ मध्ये मार्सेहून पायी पॅरिसला आला. त्यास पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. १८७०–७१ च्या प्रशियन वेढ्यात मात्र भुकेचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. कॅस्टर व पॉलक्स या हत्तींसह शहरातील अनेक प्राणी मारून त्यांचे मांस विकण्यात आले. व्हँसेन येथे १९३४ मध्ये नवे प्राणिसंग्रहालय सुरू झाले. झार्दँ दे प्लांत येथे आता मुख्यतः लहान व मध्यम आकाराच्या प्राण्यांचे आणि दुर्मिळ जातींचे संगोपन होते. चंद्रनगरच्या गेंड्याचे अवशेष याच संस्थेत जतन केलेले आहेत.