उसन्या गाण्यांतून स्वतःचा आवाज

दुसऱ्याने गायिलेले गाणे पुन्हा गाणे, ज्याला पाश्चात्त्य संगीतव्यवहारात 'कव्हर' म्हणतात, हे कलावंताच्या दारिद्र्याचे लक्षण मानण्याची प्रथा आहे. स्वतःजवळ सांगण्याजोगे काही नसले की माणूस उसनवारी करतो, असा त्यामागचा तर्क. हा तर्क आम्हांस अपुरा वाटतो. ग्रेस जोन्स यांच्या कारकिर्दीतील १९७७ ते १९८२ ही वर्षे त्याच्या उलट साक्ष देतात.

जोन्स यांचा जन्म १९४८ मध्ये जमेकातील स्पॅनिश टाउन येथे, कडक धर्माचरण पाळणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबात झाला. कुमारवयात त्या न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे आल्या. पुढे मॉडेल म्हणून पॅरिसमध्ये नावारूपास आल्यावर गायनाकडे वळल्या. 'पोर्टफोलिओ' (१९७७), 'फेम' (१९७८) आणि 'म्यूज' (१९७९) हे त्यांचे पहिले तीन संग्रह. तिन्हींचे निर्माते टॉम मोल्टन हे नृत्यगृहांसाठी गाणी लांबवण्याच्या तंत्राचे एक आद्य प्रवर्तक होते. 'पोर्टफोलिओ'च्या पहिल्या बाजूवर ब्रॉडवेच्या तीन नाटकांतील गाणी एका अखंड प्रवाहात गुंफलेली आहेत. उसनी गाणी, म्हणजे, डिस्कोच्या काळातही होतीच. परंतु तेथे ठेका धनी होता आणि गाणे त्याचे चाकर. एदित पियाफ यांच्या 'ला व्ही आं रोझ'च्या सैल झुलव्यात गायिकेचे वेगळेपण जाणवते. एरवी वाद्यवृंदाच्या झगमगाटात तो खर्जातला आवाज बराचसा झाकोळून जातो.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या एका क्रीडांगणावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग जमावासमोर स्फोटकांनी उडवण्यात आला. या रोषात केवळ संगीताची नावड नव्हती. डिस्को ज्यांनी वाढवला त्या कृष्णवर्णीय आणि समलिंगी श्रोत्यांविषयीचा आकसही त्यात मिसळलेला होता, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. त्याच नृत्यगृहांनी डोक्यावर घेतलेल्या गायिकेपुढे आता प्रश्न उभा राहिला : त्या लाटेबरोबर विरून जावयाचे, की दुसरा किनारा शोधावयाचा?

तो किनारा बहामातील नासाऊ येथे सापडला. आयलंड या ध्वनिमुद्रण संस्थेचे क्रिस ब्लॅकवेल यांचा कम्पास पॉइंट स्टुडिओ तेथे होता. ब्लॅकवेल आणि अ‍ॅलेक्स सॅडकिन यांनी निर्मितीची सूत्रे हाती घेतली. जमेकाचे स्लाय डनबार (ड्रम्स) व रॉबी शेक्सपियर (बास), फ्रान्सचे वॉली बदारू (की-बोर्ड) आणि इंग्लंडचे बॅरी रेनॉल्ड्स (गिटार) असा मेळ तेथे जमवण्यात आला. 'वॉर्म लेदरेट' (१९८०) आणि 'नाइटक्लबिंग' (१९८१) ही त्याची फळे. दोन्हींत उसनी गाणी मुबलक आहेत. पण आता ती ब्रॉडवेची नव्हती. पंकच्या उद्रेकानंतर आलेल्या, कोरड्या, तुटक, भावनेपासून हातभर दूर उभ्या राहणाऱ्या 'न्यू वेव्ह' प्रवाहातून आणि त्याच्या पूर्वसूरींकडून ती निवडलेली होती : प्रिटेंडर्स, रॉक्सी म्युझिक, इगी पॉप.

'वॉर्म लेदरेट' हे मूळ गीत डॅनियल मिलर यांनी 'द नॉर्मल' या नावाने १९७८ मध्ये केवळ यांत्रिक सुरांवर रचले होते. नासाऊच्या वादकांनी त्याच्या पोलादी सांगाड्यात रेगेच्या बासचे रक्त खेळवले. जोन्स यांनी मात्र गाण्यात आर्जव आणले नाही. शब्द जवळजवळ बोलून दाखवले. जो भारी, थंड आवाज डिस्कोत अडचणीचा ठरे, तोच येथे केंद्र झाला. इगी पॉप यांच्या गाण्यातील पुरुषाचा थकलेला रात्रविहार एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या तोंडी आला, तेव्हा पाहणारा कोण आणि पाहिले जाणारे कोण, हा हिशेबच उलटला. गाणे उसने होते; नजर उसनी नव्हती.

आपल्या वाचकांना ही रीत अनोळखी वाटू नये. जुन्या नाट्यपदांच्या शिरोभागी 'चाल' म्हणून आधीच्या गीताचा उल्लेख छापलेला असे, आणि त्या कर्जाची कोणास लाज वाटत नसे. जोन्स यांनीही आस्तोर पियाझोला यांच्या १९७४ मधील 'लिबरटँगो' या वाद्यरचनेवर नवे शब्द चढवून, त्यांतले काही फ्रेंचमध्ये उच्चारून, पॅरिसच्या रात्रीचे भयचित्र उभे केले.

'नाइटक्लबिंग'ला ब्रिटनमधील 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाने १९८१ चा सर्वोत्तम संग्रह ठरवले. परंतु आम्हांस अधिक बोलके वाटते ते पुढचे पाऊल. त्याच स्टुडिओत सिद्ध झालेल्या 'लिव्हिंग माय लाइफ' (१९८२) या संग्रहातील बहुतेक गीतांच्या लेखनात जोन्स यांचा स्वतःचा वाटा आहे. त्यांपैकी 'माय जमेकन गाय' तर सर्वस्वी त्यांचेच. इतरांची गाणी गाता गाता त्यांना आपला आवाज कोणत्या पट्टीत खरा लागतो हे उमगले, आणि मग त्या पट्टीत बोलावयाचे शब्दही सुचू लागले. उसनवारी कोणी केली हे विचारणे सोपे आहे; घेतलेले परत करताना त्यात काय भर घातली, हे विचारावयास हवे.