अन्ननलिकेंतील परकें अस्तर

घशापासून जठरापर्यंत अन्न पोंचविणारी जी सुमारें २५ सेंटिमीटर लांबीची नळी, तिला आंतून चपट्या पेशींच्या अनेक थरांचें फिकट अस्तर असतें. जठराचें अस्तर निराळें. तें लालसर, उभट पेशींच्या एकेरी थराचें, आणि आम्लाशीं रोजची गांठ असल्यामुळें त्या बेतानें घडलेलें. या दोहोंची सीमा नळीच्या खालच्या टोंकाशीं असते. कांहीं माणसांत मात्र ही सीमा वर सरकलेली आढळते. नळीच्या खालच्या भागांत जेथें चपट्या पेशी असावयाच्या तेथें उभट पेशींनीं ठाण मांडलेलें असतें. हें परकें अस्तर आलें कोठून, आणि पुढें त्यांतून क्वचित् कर्करोग उद्भवतो तो कां, या प्रश्नांचा इतिहास सत्तर वर्षांहून अधिक जुना आहे.

लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांतील शल्यवैद्य नॉर्मन बॅरेट यांचें नांव या स्थितीस मिळालें आहे. त्यांचा जन्म १९०३ सालीं ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड येथें झाला. १९४७ सालीं फाटलेली अन्ननलिका शिवून त्यांनीं रोगी वांचविला, व तेव्हांपासून या अवयवाच्या रोगांत त्यांचा शब्द प्रमाण मानला जाऊं लागला. १९५० सालीं त्यांनीं एका निबंधांत असें प्रतिपादन केलें कीं, अन्ननलिका म्हणजे चपट्या पेशींचें अस्तर असलेला भाग. सबब जेथें उभट पेशी आहेत तो भाग अन्ननलिका नव्हेच. मूळची नळी आंखूड असल्यामुळें छातींत ओढलें गेलेलें तें जठर होय. आधीं व्याख्या करावयाची आणि मग वस्तूनें तिच्याप्रमाणें वागावें अशी अपेक्षा करावयाची, हा प्रकार केवळ वैद्यकांतच आढळतो असें नाहीं.

तीनच वर्षांनीं लीड्स येथील ॲलिसन व जॉनस्टोन यांनीं या मताचें खंडन केलें. जठराला बाहेरून जें उदरवेष्टन असतें तें या भागाला नव्हतें. भिंतींतील स्नायु अन्ननलिकेचे होते. अन्ननलिकेच्याच ग्रंथि तेथें होत्या. मधून मधून चपट्या पेशींचीं बेटेंहि शिल्लक होतीं. अर्थात् नळी अन्ननलिकेचीच, परकें होतें तें केवळ अस्तर. मौजेची गोष्ट अशी कीं, हा लेख ज्या ‘थॉरॅक्स’ नियतकालिकांत प्रसिद्ध झाला त्याचे संपादक खुद्द बॅरेट होते. त्यांनीं आपलें खंडन छापलें, आणि १९५७ सालीं नव्या निबंधांत प्रतिपक्षाचें म्हणणें मान्यहि केलें. तथापि हें अस्तर जन्मजात असावें ही समजूत कायमच राहिली. ती १९७० च्या सुमारास ढळली. ब्रेम्नर, लिंच व एलिस यांनीं कुत्र्यांच्या अन्ननलिकेचें अस्तर खरवडून आम्ल वर चढेल अशी व्यवस्था केली, तेव्हां नवें अस्तर उभट पेशींचें आलें. वर्षानुवर्षें वर येणाऱ्या आम्लानें नळी पोळते आणि त्या पोळण्यांतून हा बदल घडतो, हें मत तेव्हांपासून रूढ झालें.

त्याबरोबर एक भीतीहि रूढ झाली. या अस्तरांतून ग्रंथिपेशींचा कर्करोग उद्भवतो, हें ठाऊक झालें होतें. (भारतांत जो अधिक आढळतो तो चपट्या पेशींचा, आणि तंबाखू व सुपारी हीं त्याचीं कारणें; तो प्रकार वेगळा.) पेशींची रचना फार विस्कटलेली दिसली कीं अन्ननलिकाच काढून टाकावी, असा सल्ला रोग्यास दिला जाई. शस्त्रक्रिया जिवावरची. पण धोका खरोखर किती? डेन्मार्कमधील ११,०२८ रोग्यांचा हिशेब २०११ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत कर्करोगाचें प्रमाण वर्षाला शेंकडा ०.१२ इतकेंच भरलें. म्हणजे हजारांतील एखाद्या रोग्यासाठीं बाकीच्या सर्वांनीं वर्षानुवर्षें धास्ती बाळगावयाची! तो एक कोण, हें सूक्ष्मदर्शकाला निश्चित सांगतां येत नव्हतें.

पेशी दुभंगते तेव्हां तिच्यांतील डी.एन.ए. या द्रव्याची नक्कल उतरली जाते, आणि नकलेंत चुका राहतात. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक सांपडली तर त्यांचें मूळ एक, असें पोथ्यांचे अभ्यासक मानतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध झाली, तेव्हां समान पाठांवरूनच पोथ्यांचीं कुळें लावावीं लागलीं. अमेरिकेंतील सिॲटल येथें ब्रायन रीड यांनीं १९८३ पासून त्याच त्या रोग्यांच्या अस्तराचे तुकडे पुनःपुन्हा तपासून पेशींचीं अशीं कुळें लावण्यास आरंभ केला. त्यांतून जो क्रम दिसला तो असा: पेशीच्या दुभंगण्यास लगाम घालणारें पी-१६ हें जनुक बहुधा आरंभींच निकामी होतें. पी-५३ ची गोष्ट अधिक गंभीर. नक्कल बिघडली असतां पेशीस थोपविणारें, आणि दुरुस्ति होत नसेल तर तिला मरावयास लावणारें हें जनुक. तें गेलें कीं गुणसूत्रें तुटूं लागतात, त्यांचे संचच्या संच दुप्पट होतात. २००६ सालीं २६८ रोग्यांच्या अभ्यासावरून असें आढळलें कीं, अस्तरांत भिन्न कुळांची गर्दी जितकी अधिक तितका कर्करोगाचा संभव अधिक.

पुढें २०१४ सालीं केंब्रिज येथें रेबेका फिट्झजेरल्ड व त्यांचे सहकारी यांनीं कर्करोगांत बिघडणारीं जनुकें क्रमवार ताडून पाहिलीं, तों बहुतेक सर्व जनुकें निरुपद्रवी अस्तरांतहि तशींच बिघडलेलीं निघालीं. अवस्थेचा भेद दाखविणारीं दोनच: अस्तर फार विस्कटल्यावर पी-५३, आणि कर्करोग झाल्यावर स्मॅड-४. इतकेंच काय, २०१८ सालीं असें दिसून आलें कीं, मध्यम वयाच्या माणसांच्या निरोगी अन्ननलिकेचाहि बराच मोठा भाग नॉच-१ हें जनुक बदललेल्या पेशींनीं व्यापलेला असतो. बिघाड दिसला म्हणजे रोग आला, हें समीकरण येथें पार कोसळलें.

मग २०२१ सालीं याच केंब्रिजच्या मंडळींनीं एकेका पेशींतील जनुकांच्या हालचाली तपासून अस्तराचें कूळ शोधलें. तें निघालें जठराच्या मुखाशीं असलेल्या पेशींचें. या पेशींत सी-मिक व एच.एन.एफ.-४-ए हीं दोन नियामक जनुकें जागीं होतात आणि आंतड्यासारखी घडण आणतात. नळी अन्ननलिकेची, हें ॲलिसन यांचें म्हणणें अबाधित राहिलें. पण अस्तर जठराच्या घरचें, इतक्यापुरतें तरी १९५० चे बॅरेट अगदींच चुकले नव्हते. ते १९७९ सालींच निवर्तले होते.

रोग्याच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें निराळेंच. दोऱ्याला बांधलेली एक गोळी गिळावयाची. जठरांत तिचें वेष्टन विरघळतें, आंतील स्पंज फुलतो, आणि दोरा ओढला कीं अस्तराच्या पेशी घेऊन तो बाहेर येतो. त्या पेशींत टी.एफ.एफ.-३ हें प्रथिन सांपडलें तर परकें अस्तर आहे असें समजावें. इंग्लंडांतील १०९ दवाखान्यांत ही पद्धति अजमावण्यांत आली व तिचा वृत्तान्त २०२० सालीं प्रसिद्ध झाला; नेहमींच्या उपचारपद्धतीच्या मानानें अस्तर सांपडण्याचें प्रमाण सुमारें दहापट निघालें. त्याच पेशी पी-५३ साठींहि तपासतां येतात, म्हणजे दुर्बीण घालून पाहण्याची निकड कोणास आहे आणि कोणास थांबतां येईल, याची निवड करण्यास त्यांचा उपयोग होतो.