पैनगंगेच्या अल्याड

रिसोडचा इतिहास विचारला की लोक ऋषिवट या जुन्या नावापासून सुरुवात करतात आणि पिंगलाक्षी देवी, अमरदास बाबा इथवर आले की हात जोडून थांबतात. मधली शंभर वर्षं कुणी सांगत नाही. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्या पुस्तकांतही ती नव्हती. मला ती मायकडून कळली. तिचं माहेर पैनगंगेपलीकडे, सेनगावच्या अंगाला. निजामाच्या त्या मुलखाला आम्ही मोगलाई म्हणायचो.

१८५३ साली कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या पगारापोटी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. मालकी त्याची, कारभार यांचा. पैनगंगा सरहद्द झाली आणि रिसोड वेशीवर आलं. वेशीवरच्या गावाला लूटमारीची धास्ती असायचीच. १८५९ च्या जानेवारीत याच कंटिंजंटची लुटारू रोहिल्यांशी लढाई झाली, ती रिसोडजवळच्या आपल्या चिंचांब्यापाशी.

पण माय लढाया सांगायची नाही, बाजार सांगायची. नदीपलीकडे निजामाचा हाली सिक्का, अलीकडे इंग्रजांचा कलदार. शंभर कलदारांना एकशे सोळा-सतरा हाली पडत. बदलून घेताना सराफ बट्टा कापायचा तो वेगळा. तिकडचा माणूस तूप, गुरं घेऊन रिसोडला यायचा आणि कापडचोपड घेऊन परतायचा. वाटेत करोडगिरीचा नाका. नव्या लुगड्याची घडी दिसली की महसूल द्या! म्हणून माझी आजी इथंच घडी मोडायची आणि दोन लुगडी एकावर एक नेसून गाडीत बसायची. जकातीवर एवढा साधा तोडगा मी दुसरा ऐकला नाही. कोर्टकचेरीचा कागद तिकडे उर्दूत, इकडे मराठीत. सोयरिकी मात्र बिनदिक्कत दोन्हीकडे.

रझाकारांच्या दिवसांत मामा बायकापोरं आणि बैलजोडी घेऊन आमच्या ओसरीवर आले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण गेला, मग परतले. जाताना कडबाही आमचाच नेला, हे माय शेवटपर्यंत विसरली नाही.

पुढं १९५६ साली दोन्ही बाजू मुंबई राज्यात आल्या, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९९८ साली अकोल्यातून वाशिम जिल्हा निघाला. नाका गेला, हाली गेला. पण सरहद्द मिटली असं मला वाटत नाही, ती कागदात जाऊन बसली. वऱ्हाडात आमच्या दाखल्यावर कुणबी लागलं, पलीकडे मामाच्या घरात नुसतं मराठा. एकाच आजीची नातवंडं आम्ही! २ सप्टेंबर २०२५ ला सरकारनं मराठ्यांना जुन्या नोंदींवरून कुणबी दाखला देण्यासाठी हैदराबाद गॅझेटबद्दलचा निर्णय काढला, तेव्हापासून मामेभावाचा नातू त्या नोंदींसाठी सेनगाव-हिंगोलीच्या खेपा घालतोय. परवा त्यानं फोन करून आजीच्या माहेरचं आडनाव विचारून घेतलं.