ठिपके किती आणि कुठे?

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: ठिपके लांब पडले की पाकळीचा बाक बिघडतो. आज जो इतिहास सांगतोय, त्याचं मूळ याच अडचणीत आहे. फक्त रांगोळीच्या जागी हेलिकॉप्टरचं पातं आहे.

मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटी गावात १९४० च्या दशकात जॉन पार्सन्स सिकोर्स्की हेलिकॉप्टरसाठी पाती बनवत. पात्याच्या छेदाची वक्र कड त्यांना मिळायची ती फक्त १७ बिंदूंनी. मधली रेघ फ्रेंच कर्व्ह लावून हाताने काढायची आणि तिच्याबरहुकूम साचा करायचा. पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्ट्युलेन यांनी आयबीएमचं पंचकार्डावरचं गणनयंत्र कामाला लावलं आणि १७ ऐवजी २०० बिंदू काढले. मग मिलिंग मशीनवर एक जण आकडे वाचायचा, दुसरा एक चाक फिरवायचा, तिसरा दुसरं. उरलेले कंगोरे कानशीने घासायचे.

मग प्रश्न आला: आकडे माणसाने वाचायचेच कशाला? १९४९ मध्ये अमेरिकी हवाईदलाने पैसा दिला. काम एमआयटीच्या प्रयोगशाळेकडे गेलं आणि सप्टेंबर १९५२ मध्ये कागदी पट्टीवरचे आकडे वाचून चालणारं मशीन लोकांसमोर आलं. तोवर पार्सन्स मात्र बाजूला पडले होते. कॉलेजची पदवी नसलेल्या या माणसाचं श्रेय पुसलं जाणार की काय, अशी वेळ आली. पण १९५८ मध्ये पेटंट पार्सन्स आणि स्ट्युलेन यांच्या नावे मिळालं, आणि १९८५ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदकही.

आता तुम्ही म्हणाल, बिंदू वाढवले की झालं! तसं नाही. ५० मिलीमीटर त्रिज्येच्या वळणावर २ मिलीमीटर अंतराचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले, तर रेषा आणि वळण यांत जास्तीत जास्त ०.०१ मिलीमीटरची फट राहते. अंतर ४ केलं की फट ०.०४. म्हणजे अंतर दुप्पट, चूक चौपट. त्रिज्या ५ मिलीमीटर असेल तर त्याच २ मिलीमीटर अंतरावर फट ०.१ होते. म्हणून जिथे वळण तीव्र तिथे बिंदू दाट, जिथे सपाट तिथे विरळ.

पण गरजेपेक्षा दाट केले, तर कंट्रोलरला इतके तुकडे वेळेत उरकत नाहीत. हत्यार अडखळतं आणि धातूवर खुणा उमटतात. शेजारशेजारच्या फेऱ्यांत बिंदू वेडेवाकडे पडले, तरी चकचकीत पृष्ठभागावर पट्टे दिसतात. म्हणून आजची कॅम सॉफ्टवेअर दोन गोष्टी विचारतात: चूक किती चालेल, आणि दोन बिंदूंत जास्तीत जास्त अंतर किती? भोसरीतला सीएनसी ऑपरेटर असो की डेट्रॉइटचा, हा हिशेब दोघांनाही चुकत नाही.

आमच्या आयटीतही अधिक डेटा म्हणजे अधिक अचूकता, असं मानणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी ही गोष्ट सांगतो. तुमच्या मुलांनाही सांगा, विशेषतः गणित कशाला शिकायचं असं विचारत असतील तर. आणि श्रेयाची बाजू विसरू नका: योग्य प्रश्न विचारणाऱ्याचं नाव घ्यायला उशीर झाला, तरी ते घ्यायचंच. भेटू पुढच्या भागात!