केसपेपरातला मार

हिंजवडीच्या आयटी पार्कात मी अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदी वाचून दुखापतींना कोड लावते. दुखापतींची तीव्रता अशी आकड्यांत मांडण्याची मुळं १९७४ची: सुझन बेकर आणि सहकाऱ्यांनी सर्वांत जखमी तीन शरीरभागांच्या गुणांचे वर्ग करून बेरीज मांडली, कमाल ७५. त्याच वर्षी ग्लासगोहून शुद्धीची पातळी मोजण्याची पट्टी आली.

आता डॉक्टरांची टिपणं सॉफ्टवेअर वाचतं. ‘बरगडी मोडलेली नाही’ हे वाक्य त्याला नीट कळावं, म्हणून २००१ मध्ये वेंडी चॅपमन आणि सहकाऱ्यांनी नकार ओळखणारी ‘नेगएक्स’ पद्धत मांडली. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्याकडे मुंबईत केईएम आणि शीवच्या रुग्णालयात २०१३ पासून जखमींच्या नोंदी माणसांनी गोळा केल्या. सॉफ्टवेअरला वाचता यावेत म्हणून इथल्या चाकण रस्त्यावरच्या जखमींचे हस्तलिखित केसपेपर, नातेवाइकांनी मराठीत सांगितलेल्या हकिकतीसह, आधी नीट टंकले जायला हवेत.