फॉन्टांत अडकलेला मजकूर

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या प्रयत्नांतून या संकेताची किल्ली हाती आली, तेव्हा ते वाङ्मय पंथाबाहेरच्या वाचकांना खुले झाले. सकळ लिपीचे तत्त्व साधे होते: एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर. याच तत्त्वावर गेल्या शतकाच्या अखेरीस मराठी साहित्याचा मोठा भाग संगणकावर अक्षरबद्ध झाला, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

खिळ्यांची जुळणी मागे पडून डीटीपी आले, तेव्हा पेजमेकरसारख्या सॉफ्टवेअरला रोमन अक्षरेच ठाऊक होती. म्हणून त्या अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धा त असे देवनागरीचे तुकडे बसवण्यात आले. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, आकृती यांचे संकेत परस्परांहून वेगळे होते. वस्तुतः १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक ठरले होते आणि त्याच वर्षी देवनागरीसह युनिकोडची पहिली आवृत्ती आली. पुढे विंडोज २००० सोबत कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' फॉन्टही आला. पण पेजमेकरला युनिकोड अखेरपर्यंत उमगले नाही, आणि त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची.

अशा रीतीने विंडोज पुढे गेली आणि छापखाना मागे राहिला. डॉस व आरंभीच्या विंडोजसाठी लिहिलेली सोळा-बिटी सॉफ्टवेअरे चौसष्ट-बिटी विंडोजवर चालत नाहीत. काही सॉफ्टवेअरांना 'डोंगल' नावाचे कुलूप असे. ते ज्या खाचेत बसे, ती खाचच नव्या संगणकांतून नाहीशी झाली. विंडोज ७ मध्ये (२००९) 'एक्सपी मोड' या नावाने जुनी प्रणाली नवीच्या पोटात चालवण्याची सोय मिळाली; पण ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधारच संपला. उरले ते दोन मार्ग: कोपऱ्यात जपलेला जुना संगणक, किंवा नव्या संगणकात उभारलेले आभासी यंत्र.

हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही, कारण तो पाठचिकित्सेचा आहे. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नोंदली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचा क्रम याच्या उलट. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर येथे चुकू शकते. रफार आणि अर्धा ऱ यांत गल्लत झाली, तर कवितेतल्या 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्याने मुद्रितशोधकालाही शंका येत नाही. अशा वेळी मूळ फाइल मूळ सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहणे म्हणजे हस्तलिखिताची आद्य प्रत पाहणेच होय.

छापील पुस्तक उपलब्ध असेल तोवर ही हानी भरून काढता येईल. पण ज्या नियतकालिकांचे अंक विरळ झाले, जे मजकूर छपाईपर्यंत पोचलेच नाहीत, त्यांचे काय? हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावात बसून संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईची ग्रंथालये दूरची आहेत. शब्द देऊन शोधता येईल असा मजकूर हेच त्याचे ग्रंथालय ठरू शकते, आणि जुन्या संकेतातली फाइल त्याच्यापुढे निरर्थक चिन्हांची रांग मांडते.

महानुभावांची किल्ली निदान परंपरेने महंतांपाशी सुरक्षित होती. आपली किल्ली एखाद्या बंद पडत चाललेल्या संगणकात आहे. प्रकाशकांनी फाइलींसोबत त्यांचे फॉन्ट आणि पीडीएफ प्रती जपल्या, आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी हस्तलिखितांच्या कपाटाशेजारी असे एखादे जुने यंत्र चालते ठेवले, तर पुढच्या राजवाड्यांचे काम थोडे सोपे होईल.