रातकिड्यांचा डबा

लेकाने पाल पाळली (हो, पाळली!) तेव्हापासून आमच्या गराजमध्ये रातकिड्यांचा डबा आहे. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, गाजराचे काप आणि ओल्या मातीची वाटी. मादी मातीत अंडी घालते. ३० अंशांच्या उबेत साधारण दोन आठवड्यांत मुंगीएवढी पिल्लं निघतात.

रातकिडे पाळणं काही आजचं नाही. चीनमध्ये लोक ते गाण्यासाठी आणि झुंजीसाठी पाळत. १३व्या शतकातला सोंग दरबारचा मंत्री जिया सिदाओ याच्या नावावर तर त्यावरचा ग्रंथच आहे. विसाव्या शतकात अमेरिकेत मात्र त्यांची शेती सुरू झाली, आधी मासेमारीच्या गळासाठी, मग पाळीव सरड्या-पालींच्या पोटासाठी. बहुतेक भिस्त एकाच जातीवर: अकेटा डोमेस्टिकस. २००९-१० च्या सुमारास एका विषाणूने ही जात झपाटली आणि मोठमोठे फार्म बसले. गर्दीत वाढवलेली एकच जात, दुसरं काय होणार?

म्हणजे आधी आवाज ऐकायला पाळले, नंतर किलोवर मोजले. असो.

रात्री डब्यातून किरकिर सुरू होते. गातात ते नर. पालीसाठी चार उचलताना गाणाऱ्याला मी अजून हात लावलेला नाही. लेकाला हे सांगितलेलं नाही.